क्षयरोगानंतर पुन्हा गाता येतं का? कुमार गंधर्वांच्या आजारातून रुग्णांनी काय घ्यावं

"गोळ्या घेतो डॉक्टरसाहेब, पण एवढं सांगा, मला परत अभंग म्हणता येईल का?"

टीबीचं निदान सांगितल्यावर बहुतेक जण आधी दोन गोष्टी विचारतात. घरच्यांना लागण होईल का, आणि काम कधी सुरू करता येईल. पण उमापूर आणि आसपासच्या गावांत सप्ताह, काकडा, हरिपाठ हे वर्षभर चालूच असतं. त्यामुळे कीर्तनात मागे उभं राहून चाल म्हणणारे, भजनी मंडळातले, गोंधळी असेही रुग्ण आमच्याकडे येतात, आणि त्यांचा हा तिसरा प्रश्न असतो. काहींचं पोटच आवाजावर असतं. बाकीच्यांचं पोट शेतीवर असतं, पण गावातली ओळख आवाजावर असते.

या प्रश्नाचं उत्तर देताना मी कुमार गंधर्वांचं नाव घेतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला त्यांची गोष्ट माहीत असते, न ऐकणाऱ्यालाही ती सांगितली की पटते. टीबीमुळे त्यांचं गाणं जवळजवळ सहा वर्षं बंद होतं, एक फुप्फुस कायमचं निकामी झालं, आणि तरीही ते परतले. मात्र ही गोष्ट चमत्कार म्हणून ऐकली तर तिचा रुग्णाला काही उपयोग होत नाही. त्यांना काय झालं होतं, कशाने बरं वाटलं, आणि बरं झाल्यावर काय बदललं, हे नीट पाहिलं तर होतो.

कुमारजींचा आजार

कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. लहान वयातच ते मोठमोठ्या गवयांची गायकी हुबेहूब गाऊन दाखवत, त्यावरूनच 'कुमार गंधर्व' हे नाव पडलं. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले. विशीत असतानाच त्यांचं नाव देशभर झालं होतं. १९४७ साली भानुमतींशी लग्न झालं आणि त्याच सुमारास टीबीने गाठलं. वय अवघं २३.

कोरडी हवा चांगली म्हणून १९४८ च्या सुरुवातीला ते मध्य प्रदेशात देवासला राहायला गेले. डॉक्टरांनी गाणं पूर्ण बंद करायला सांगितलं होतं, गायलात तर जिवावर बेतेल असंही सांगितलं होतं. आज हा सल्ला कठोर वाटेल, पण त्या वेळी तो चुकीचा नव्हता. फुप्फुसात टीबीची पोकळी झालेली असताना जोर लावला तर खोकल्यातून रक्त येऊ शकतं, आणि रक्त जास्त गेलं तर माणूस दगावतो. तेव्हा घरी-दारी रक्त थांबवायची साधनं कितीशी होती?

१९५२ च्या सुमारास त्यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. पत्नीने शुश्रूषा केली. हळूहळू ते बरे झाले आणि १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले. त्यानंतर १९९२ च्या जानेवारीत त्यांचं निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास ३९ वर्षं, ते गात होते. आज त्यांच्या ज्या एलपी आणि कॅसेट आपण ऐकतो, निर्गुणी भजनं ऐकतो, त्यातलं बहुतेक सगळं या आजारानंतरचं आहे. हा मुद्दा मी रुग्णांना मुद्दाम सांगतो. ज्या गाण्यासाठी लोक त्यांना ओळखतात ते गाणं टीबी झालेल्या छातीतून आलेलं आहे.

औषध नव्हतं तेव्हा

आजच्या रुग्णाला सहा महिने फार वाटतात. म्हणून थोडं मागे जाऊन सांगतो.

टीबीचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधले, पण त्या जंतूंना मारणारं औषध मिळायला पुढे साठ वर्षं लागली. मधल्या काळात उपचार म्हणजे आराम, दूध-अंडी, मोकळी हवा आणि सॅनेटोरियम. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं सॅनेटोरियम जुन्या लोकांना आठवत असेल. काही रुग्णांच्या छातीत सुईने हवा भरून आजारी फुप्फुस मुद्दाम मिटवलं जाई, म्हणजे त्याला विश्रांती मिळेल. काहींच्या बरगड्या काढल्या जात. यातून काही जण वाचत, पुष्कळ जण वाचत नसत.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाच्या हातून सापडलं. मातीतल्या जंतूपासून मिळालेलं हे औषध टीबीवर चालणारं पहिलं प्रभावी औषध ठरलं. पण एकटं दिलं की काही महिन्यांत टीबीचे जंतू त्याला सरावत आणि रुग्ण पुन्हा खाली जाई. हे ब्रिटनमधल्या अभ्यासातून १९४८ मध्येच दिसून आलं. तेव्हापासून टीबीत एक नियम पक्का झाला: एकच औषध कधीही द्यायचं नाही, दोन-तीन-चार एकत्र द्यायची. तुमच्या पाकिटातली एक गोळी म्हणजे खरं तर तीन किंवा चार औषधं असतात, ती यासाठी.

स्ट्रेप्टोमायसिनचा आणखी एक त्रास होता. ते आतल्या कानाला इजा करू शकतं. ऐकू कमी येणं, कानात आवाज येणं, तोल जाणं. गवयाच्या बाबतीत हा विचार अंगावर येतो. ज्या औषधाने छाती वाचायची, तेच कान नेऊ शकत होतं. आता साध्या टीबीच्या पहिल्या उपचारात हे इंजेक्शन द्यावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या देशात सिद्ध झाली आणि सगळ्या जगाने ती स्वीकारली. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने सॅनेटोरियममधले रुग्ण आणि घरी राहून औषध घेणारे रुग्ण यांची तुलना केली. औषधं नियमित घेतली तर घरचे रुग्णही तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. म्हणजे हवा, डोंगर, विश्रांती हे सगळं दुय्यम. मुख्य औषध. म्हणून आज "गावाबाहेरच्या खोलीत ठेवू का?" असं नातेवाईक विचारतात तेव्हा माझं उत्तर 'नाही' असतं. ताट-वाटी वेगळी करण्याचीही गरज नाही, टीबी भांड्यातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत उडालेल्या कणांतून पसरतो. खिडकी उघडी ठेवा, पहिले काही आठवडे तोंडाला रुमाल किंवा मास्क लावा, इकडेतिकडे थुंकू नका. एवढं पुरतं.

सूर गळ्यात, दम छातीत

आता मूळ प्रश्नाकडे. एक फुप्फुस गेलेला माणूस गाऊ कसा शकतो?

आवाज फुप्फुसात तयार होत नाही. तो गळ्यातल्या स्वरयंत्रात तयार होतो. तिथे दोन स्वरतंतू असतात. खालून येणारी हवा त्यांच्यामधून जाते, ते थरथरतात आणि आवाज निघतो. किती ताणले आहेत यावर सूर उंच की खालचा हे ठरतं. फुप्फुसाचं काम हवा पुरवण्याचं, हार्मोनियमच्या भात्यासारखं. भाता लहान झाला म्हणून पट्ट्या बिघडत नाहीत. फक्त भाता जास्त वेळा हलवावा लागतो.

म्हणून छातीच्या टीबीनंतर बहुतेकांचा सूर शाबूत राहतो आणि दम कमी होतो. आधी अख्खं चरण एका श्वासात जायचं, आता मध्येच श्वास घ्यावा लागतो. वरचा स्वर लागतो, पण धरून ठेवता येत नाही. आवाजाचा फेक कमी होतो. रुग्ण सांगतात, "गळा तोच आहे, पण मागून जोर येत नाही." वर्णन अगदी बरोबर आहे.

थोडे आकडे सांगतो. शांत बसलेले असताना आपण एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. पूर्ण श्वास भरून जोर लावून सोडला तर निरोगी पुरुषाची तीन-साडेतीन ते साडेचार लिटर हवा बाहेर पडते. बाईची त्याहून कमी, आणि उंची-वयाप्रमाणे यात फरक पडतो. म्हणजे रोजच्या जगण्यासाठी जेवढी लागते त्याच्या कितीतरी पट जागा शिल्लक असते. उजवं फुप्फुस डाव्यापेक्षा थोडं मोठं असतं. एक बाजू निकामी झाली तरी दुसऱ्या चांगल्या बाजूवर माणूस चालू शकतो, जेवू शकतो, बोलू शकतो. गाणं मात्र या शिल्लक जागेवरच चालतं, त्यामुळे कमतरता आधी गाणाऱ्याला जाणवते. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण "मी ठणठणीत झालो" म्हणतो तेव्हा भजनी बुवा म्हणतात की अजून काहीतरी कमी आहे. दोघेही खरं बोलत असतात.

टीबी बरा होतो तेव्हा जखमेच्या जागी व्रण राहतो, जसा भाजल्यावर कातडीवर राहतो. व्रणाची जागा रबरासारखी फुगत नाही. जखम किती मोठी होती यावर व्रण किती हे ठरतं, आणि जखम किती वाढली हे निदान किती उशिरा झालं यावर. गाणाऱ्याने खोकला अंगावर काढणं म्हणूनच महागात पडतं. सप्ताहाच्या दगदगीमुळे घसा बसलाय, धूळ लागलीय, थंड पाणी प्यालो, असं म्हणत महिना निघून जातो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यातलं काहीही असलं तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे, आणि नव्या यंत्रांवर काही तासांत निकाल मिळतो, शिवाय मुख्य औषधाला जंतू दाद देतील की नाही हेही त्यातच कळतं.

कुमारजींच्या गाण्यात आजारानंतर लहान, तुटक, एकदम उसळणारे स्वरसमूह आले आणि ते दमाच्या कमतरतेमुळे, असं पुष्कळ जण म्हणतात. मी संगीतातला जाणकार नाही, पण डॉक्टर म्हणूनही मला हे विधान घाईचं वाटतं. अंथरुणावर पडून त्यांनी वर्षानुवर्षं माळव्यातली लोकगीतं ऐकली, गाण्याबद्दल विचार केला, आणि पुढे त्यातून नवे राग बांधले. १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' हे त्यांच्या बंदिशींचं पुस्तकही आलं. आजाराने त्यांना बदलायला लावलं असेल, पण काय बदलायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. एवढं मात्र नक्की की परतल्यावर त्यांनी जुन्या श्वासाचं गाणं ओढून-ताणून गायचा हट्ट धरला नाही. जो श्वास होता त्यात बसेल असं गाणं उभं केलं.

दुसरा महिना सगळ्यात धोक्याचा

आजचा उपचार साधा आहे. साध्या टीबीला सहा महिने, रोज, वजनाप्रमाणे गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारी योजनेत सगळं मोफत, आणि खासगी डॉक्टरकडे उपचार घेतले तरी निक्षय पोर्टलवर तुमची नोंद व्हायलाच हवी. नोंद झाली की पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही रक्कम ५०० होती. खातं आणि आधार जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, ते आधी बघून घ्या.

लघवी लालसर-नारंगी होते, घाबरू नका, ते औषधाचा रंग आहे. पण डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, नजर धूसर होणं किंवा लाल-हिरवा रंग ओळखायला अडचण, यातलं काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात या. दारू या सहा महिन्यांत पूर्ण बंद, कारण यकृतावर आधीच ताण असतो. ज्या बायका पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेतात त्यांनी आम्हाला जरूर सांगावं. टीबीच्या औषधाने त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि दिवस जाऊ शकतात. ही गोष्ट सांगायची राहून जाते, आणि बायकाही विचारायला लाजतात.

खरी अडचण इथे नाही. ती अशी येते: तीन-चार आठवड्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं, खोकला थांबतो. दुसऱ्या महिन्यात रुग्णाला वाटतं, मी बरा झालो. या टप्प्यावर पुष्कळसे जंतू मेलेले असतात, पण चिवट जंतू सुस्त पडून व्रणात बसलेले असतात. गोळ्या थांबल्या की तेच पुन्हा वाढतात, आणि औषधाला सरावलेले होऊन वाढतात. मग साधा टीबी राहत नाही. त्याला वेगळी, जड औषधं लागतात. आता त्यातल्या काही रुग्णांसाठीही सहा महिन्यांचा कोर्स आला आहे, तरी त्रास जास्त आणि देखरेख जास्त. आणि प्रत्येक परतलेला टीबी फुप्फुसाचा आणखी एक तुकडा खातो. गाणाऱ्याच्या हिशेबात सांगायचं तर आणखी एक मात्रा कमी.

फडावर जायचं असेल तर

बीड जिल्ह्यात हा विषय टाळून टीबीवर लिहिता येणार नाही. दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडची अर्धी-अधिक घरं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता जाणारच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निदान झालेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे नेमका बरं वाटू लागल्यावर, कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला किंवा कर्नाटकात जातो. तिकडे खोपीत राहणं, पहाटे फडावर, दवाखाना लांब. गोळ्या सुटतात त्या बहुतेक इथेच सुटतात. रुग्ण बेफिकीर असतो असं मला वाटत नाही. महिनाभराच्या गोळ्या संपतात आणि पुढच्या कुठून आणायच्या हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून निघायच्या आठ दिवस आधी आशाताईंना किंवा दवाखान्यात सांगा. कुठल्या कारखान्याला जाताय, गाव कुठलं, मुकादमाचा फोन काय. निक्षयचा नंबर एका कागदावर लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. त्या नंबरवर देशातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात तुमचे उपचार पुढे चालू होऊ शकतात. कर्नाटकातसुद्धा. अडलं तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा मोफत फोन आहे. शक्य असेल तर पहिले दोन महिने तरी फडावर जाऊ नका, हे मी सांगतो. किती जणांना ते शक्य असतं हेही मला माहीत आहे.

घरात लहान मुलं असतील तर त्यांची तपासणी राहू देऊ नका. टीबी नसल्याची खात्री झाल्यावर घरातल्यांना प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. आणि प्रत्येक टीबी रुग्णाची साखर व एचआयव्ही तपासणी व्हायला हवी. साखर वाढलेली असेल तर टीबी लवकर बरा होत नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तो नियमच आहे.

आवाजच बसला असेल तर

वरचं सगळं छातीच्या टीबीबद्दल झालं. पण काही जणांचा सूरच जातो, आवाज घोगरा होतो, फाटतो. हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा तपासावा लागतो. टीबी कधीकधी स्वरयंत्रातही होतो. औषधांनी तो बरा होतो, पण उशीर झाला तर स्वरतंतूंवर व्रण राहतात आणि आवाज कायमचा खरखरीत होऊ शकतो. याशिवाय स्वरतंतूंवर गाठी येणं, पित्त घशाशी येणं, थायरॉइड, आणि तंबाखू-बिडीमुळे होणारा कॅन्सर ही कारणं आहेत. डाव्या स्वरतंतूची नस गळ्यातून छातीत उतरून परत वर जाते, म्हणून छातीतल्या गाठीमुळेही आवाज बसू शकतो. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल तर खडीसाखर, ज्येष्ठमध, हळद यांवर थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून स्वरयंत्र बघायला हवं. गेवराईला किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात विचारा, अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि काही वेळा तपासणीत सगळं नीट दिसतं तरी आवाज येत नाही. मनावरचा आघात, दुःख, सततचा ताण यांमुळे असं होऊ शकतं. इंग्लंडच्या लोकगायिका शर्ली कॉलिन्स यांचा आवाज संसार मोडला त्या काळात गेला आणि त्यांनी गाणं सोडलं. १९७८ नंतर त्यांचा पुढचा अल्बम 'लोडस्टार' आला तो थेट २०१६ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, आवाज आधीपेक्षा बराच खाली उतरलेला. ३८ वर्षांचं अंतर. आजारी माणूस नाटक करतोय असं घरच्यांनी म्हणू नये यासाठी मी हे उदाहरण देतो. अशा रुग्णांना वाचा-उपचार तज्ज्ञ आणि समुपदेशन दोन्हींचा उपयोग होतो.

पुन्हा गायला कधी लागावं

नियमित औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, औषध लागू पडत असेल तर, रुग्णापासून लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते. तरीही मी गाणाऱ्यांना दोन महिन्यांची थुंकी तपासणी होईपर्यंत मंडळात बसू देत नाही. बोलण्यापेक्षा गाताना तोंडातून जास्त कण उडतात, आणि मंदिरातल्या बंद सभामंडपात वीस-पंचवीस माणसं खेटून बसलेली असतात. थुंकीत रक्त येत असेल तर गाणं, जोराचा प्राणायाम, कपालभाती, भस्त्रिका, शंख वाजवणं सगळं बंद. एक चमचा रक्त दिसलं तरी दवाखान्यात या, आणि कपभर किंवा जास्त रक्त आलं तर गाडी करून थेट मोठ्या रुग्णालयात. कुठल्या बाजूला टीबी आहे हे माहीत असेल तर वाटेत रुग्णाला त्याच कुशीवर झोपवा, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात जात नाही.

थुंकी स्वच्छ आली, ताप नाही, रक्त नाही, की सुरुवात करायला हरकत नसते. पहिले आठ-दहा दिवस नुसता नाकाने श्वास घेऊन ओठ थोडे मिटून हळू सोडायचा. पाच मिनिटं, दिवसातून तीन वेळा. मग खालच्या पट्टीत गुणगुणणं. नेहमीची काळी दोनची पट्टी असेल तर पांढरी एक घ्या, कमीपणा मानू नका. चरण कुठे तोडायचं ते आधी ठरवा, म्हणजे श्वास अर्ध्या शब्दावर संपणार नाही. मंडळात दोघांनी मिळून चाल म्हटली तर एकाच्या श्वासाच्या जागी दुसरा असतो. वारकरी पद्धतीत हे मुळातच आहे, टाळकरी चरण उचलतातच. गाताना चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप लागली की थांबायचं, रेटायचं नाही. कुजबुजून बोलल्याने घशाला आराम मिळतो हा गैरसमज आहे, त्याने स्वरतंतूंवर ताणच येतो. तंबाखू, मिश्री, बिडी यांचं काय करायचं ते वेगळं सांगायला नको.

कोर्स संपल्यावरही जिना चढताना धाप लागत असेल तर फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. किती दम उरला आहे याचा आकडा त्यात मिळतो आणि काही जणांना पंपाच्या औषधाने फरकही पडतो. सहा महिने झाल्यावर फाइल फेकून देऊ नका. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी एकदा दाखवायचं असतं, आणि मध्ये कधी खोकला दोन आठवडे टिकला तर जुना एक्स-रे घेऊन या. जुन्या व्रणाची सावली एक्स-रेत आयुष्यभर दिसते, त्यामुळे जुना फोटो शेजारी ठेवल्याशिवाय नवीन डॉक्टरला टीबी परत आलाय की तो जुनाच डाग आहे हे सांगता येत नाही.